काडतुसाचे वंगण

बैलगाडीच्या खाली टांगलेले वंगणाचे नळकांडे जुन्या पिढीतील वाचकांच्या स्मरणात असेल. आस करकरू लागला की गाडीवान उतरून चाकाच्या तुंब्यात तेल घालीत असे आणि गाडी पुन्हा मार्गाला लागत असे. ते वंगण एरंडेलाचे की करडीचे, हे गाडीवानाला कोणाला विचारावे लागत नसे, कारण ते त्याने स्वतः किंवा त्याच्या घरच्या माणसाने तयार केलेले असे. वंगण ही वस्तूच अशी आहे की तिची आठवण केवळ ती नसते तेव्हाच व्हावी. अशा या क्षुल्लक वस्तूविषयी १८५७ च्या जानेवारी महिन्यात कलकत्त्याजवळच्या डमडम येथे एक साधा प्रश्न विचारला गेला : हे वंगण कशाचे? प्रश्न बंदुकीच्या गोळीला लावावयाच्या वंगणाचा होता. ज्यांनी उत्तर द्यावयाचे त्यांना ते प्रामाणिकपणे देता येईना, आणि त्यानंतर चार महिन्यांच्या आत मीरतची छावणी पेटली.

काडतुसांचे प्रकरण हे १८५७ च्या उठावाचे कारण की केवळ निमित्त, हा वाद जुना आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात काडतुसांना निमित्ताहून अधिक मोल दिले नाही. सातारा, नागपूर, झांशी आणि अयोध्या ही राज्ये एकामागून एक गिळंकृत करणारी राजवट काडतुसांवाचूनही असंतोषाला पुरेशी होती, या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु निमित्त म्हणून ज्या वस्तूकडे बोट दाखविले जाते तिची स्वतःची हकीकत मात्र त्यामुळे झाकली जाते. वंगण का लागत होते, ते कोणी व कशाचे केले, शिपायांनी कोणते मागितले आणि शेवटी कोणते वंगण टिकले, या प्रश्नांची उत्तरे पाहिली असता त्या वर्षातील एका चुकलेल्या वळणावर प्रकाश पडतो.

वंगण कशासाठी?

त्या काळची बंदूक ठासणीची होती. नळीच्या तोंडातून दारू ओतावयाची, वर शिशाची गोळी सोडावयाची आणि गजाने ठासावयाची, अशी ती रीत. सोरा, कोळसा व गंधक यांच्या मिश्रणाची काळी दारू जळाली की तिचा निम्म्याहून अधिक भाग धूर होऊन जात नाही, तो घन राखेच्या रूपाने मागे राहतो. ही राख नळीच्या आतील अंगाला चिकटते, हवेतील ओल शोषून घेते आणि पुन्हा सुकली म्हणजे खपलीसारखी कठीण होते. दहा-वीस बार झाले की नळी आतून अरुंद होऊ लागते.

कंपनीच्या पायदळाकडे असलेल्या जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला याची फारशी अडचण पडत नसे. तिची गोळी नळीपेक्षा बरीच लहान असे आणि सैलपणे खाली घरंगळत जाई. पण त्या सैलपणामुळेच नेम लागत नसे. शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरणे व्यर्थ समजले जाई. रायफलीच्या नळीत आतून वळणदार खाचा कोरलेल्या असतात. त्या खाचांत गोळी घट्ट बसली तर ती स्वतःभोवती फिरत बाहेर पडते व लांबवर सरळ जाते. मात्र घट्ट गोळी नळीत उतरविणे हे कष्टाचे काम. म्हणून युरोपातील शिकारी व रायफलधारी सैनिक गोळी तेल किंवा चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून ठाशीत असत. हे वंगण ज्याचे त्याने करावे, हीच तेथील जुनी पद्धत होती. शिकाऱ्याने मारलेल्या जनावराची चरबी, घरचे मेण, हाताशी असेल ते तेल, काहीच नसले तर तोंडातली लाळ.

फ्रेंच सेनेतील कॅप्टन मिनिए याने १८४९ मध्ये या अडचणीवर तोड काढली. त्याची शंकूच्या आकाराची शिशाची गोळी बुडाशी पोकळ होती. ती नळीत सहज उतरे आणि बार उडताच दारूच्या दाबाने तिचे बूड फुलून खाचांत बसे. याच तत्त्वावर इंग्लंडमध्ये १८५३ ची एन्फील्ड रायफल तयार झाली. तिच्या नळीचे छिद्र ०.५७७ इंच आणि गोळीचा व्यास ०.५६८ इंच होता. दोहोंतील अंतर सुमारे पाव मिलिमीटर. राख साचू लागली की एवढ्या फटीतून सुमारे ३४ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी वंगणावाचून खाली जाणे शक्य नव्हते.

एन्फील्डचे काडतूस म्हणजे कागदाची एक नळकांडी होती. ‘काडतूस’ हा मराठी शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे आणि त्या भाषेत ‘कार्तुशो’ म्हणजे कागदाची अशी गुंडाळीच. तिच्या एका टोकाला मोजलेली दारू आणि दुसऱ्या टोकाला गोळी असे. गोळीकडचे टोक वितळविलेल्या वंगणात बुडवून काढीत. शिपायाने दारूकडचे टोक दातांनी तोडावयाचे, दारू नळीत ओतावयाची, मग काडतूस उलटे करून वंगण लावलेल्या कागदासह गोळी नळीच्या तोंडात बसवावयाची आणि उरलेला कागद फाडून टाकून गजाने ठासावयाचे, असा कवायतीतील क्रम होता. दात लागत ते टोक कोरडे होते, वंगण दुसऱ्या टोकाला होते. तथापि दहा-दहांच्या पुडक्यांत बांधलेली काडतुसे हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात एकमेकांना घासत असता वंगण आपल्या जागी राहील, अशी ग्वाही कोणी देऊ शकत नव्हते. शिवाय ते बोटांना लागे, आणि तीच बोटे जेवणाला व पाण्याच्या लोट्याला लागत.

वंगणाचेही एक शास्त्र आहे. ते थंडीत दगडासारखे होता कामा नये, उन्हात वाहून जाता कामा नये आणि शिशावर त्याची रासायनिक क्रिया होता कामा नये. मधमाशांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. गुराढोरांची चरबी चाळिशीच्या पुढे पाघळू लागते, तूप त्याहूनही आधी. म्हणून मऊपणासाठी चरबी किंवा तेल आणि घट्टपणासाठी मेण, असे मिश्रण करीत. इंग्लंडसारख्या थंड देशात चरबीचे प्रमाण पुष्कळ अधिक व मेणाचे थोडे असे. चरबी तेथे स्वस्त होती, आणि ती कोणत्या जनावराची हे विचारण्याचे तेथे कोणाला कारण नव्हते.

आधीच मिळालेला इशारा

हिंदुस्थानात हे कारण होते आणि ते वेळीच सांगितलेही गेले होते. १८५३ मध्ये वंगण लावलेली काडतुसे येथील हवेत कशी टिकतात हे पाहण्यासाठी विलायतेहून आली. त्या वेळी सरसेनापती सर विल्यम गोम याच्या वतीने अ‍ॅडज्युटंट जनरल कर्नल टकर याने डिसेंबर १८५३ मध्ये लष्करी मंडळाला लेखी कळविले की, या वंगणात जातिधर्माला बाध आणणारे काही नाही अशी खात्री झाल्यावाचून ती काडतुसे देशी पलटणींना देऊ नयेत. पत्र पोहोचले, पण त्यातील सूचना मात्र कागदांच्या ढिगात राहून गेली. परीक्षा झाली ती काडतुसे उन्हात टिकतात की नाही एवढ्याचीच. ती ज्यांनी हाताळावयाची त्यांना चालतील की नाही, हा प्रश्न परीक्षेत नव्हताच.

१८५६ च्या अखेरीस एन्फील्ड रायफली बंगालच्या सैन्याला देण्याचे ठरले. तिचे शिक्षण देण्यासाठी डमडम, अंबाला व सियालकोट अशी तीन केंद्रे उघडली आणि निरनिराळ्या पलटणींतून थोडे थोडे शिपाई तेथे पाठविण्यास प्रारंभ झाला. फोर्ट विल्यमच्या शस्त्रागारात काडतुसे बनू लागली. वंगणासाठी लागणारी चरबी ठेकेदाराकडून घेतली जात होती. चरबी कोणत्या जनावराची असावी, अशी अट ठेक्यात घातलेली नव्हती.

डमडमचा लोटा

जानेवारी १८५७ मध्ये डमडम येथे घडलेला प्रसंग सर्वश्रुत आहे. शस्त्रागारात काम करणाऱ्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाजवळ पाण्यासाठी लोटा मागितला. शिपायाने जातीचे कारण सांगून नकार दिला. त्यावर खलाशी उत्तरला की, गाईची व डुकराची चरबी लावलेली काडतुसे लवकरच तुमच्या तोंडात जाणार आहेत, मग जात कोठे राहील? २२ जानेवारीला कॅप्टन राइट याने हा वृत्तांत वरिष्ठांना कळविला.

या प्रसंगातील एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. वंगणात काय आहे याविषयी बोलण्याचा अधिकार त्या ठिकाणी कोणाला असेल तर तो त्या खलाशालाच होता. ज्या शस्त्रागारात ते काम चाले तेथेच तो राबत होता, आणि त्याच्या स्पर्शाने पाणी विटाळते असे मानणाऱ्याला तो त्याच्याच भाषेत उत्तर देत होता. राइटच्या अहवालात त्याचे नाव नाही. पुढे दलित साहित्याच्या परंपरेने त्याला मातादीन या नावाने जपले.

केंद्राचा प्रमुख मेजर बॉन्टीन याने शिपायांना बोलावून त्यांची तक्रार विचारली. शिपायांनी रायफल नाकारली नाही, कवायत नाकारली नाही, वंगणाची गरजही नाकारली नाही. चरबीऐवजी मेण आणि तेल वापरावे, एवढीच त्यांची मागणी होती. बराकपूरच्या जनरल हिअर्सी याने ती आपल्या शिफारशीसह वर पाठविली. शिपायांना काय हवे आहे ते बाजारातून आणू द्यावे व त्यांनाच लावू द्यावे, असे त्याचे मत होते. हिअर्सी हिंदुस्थानात जन्मभर नोकरी केलेला, शिपायांची भाषा जाणणारा अधिकारी होता.

जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यात सरकारने ही गोष्ट मान्य केली. शस्त्रागारातून काडतुसे वंगणावाचून द्यावीत, आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे मिश्रण स्वतःच्या हाताने लावावे, असा हुकूम झाला. गाडीवानाचा न्याय सरकारने शिपायांना लावला होता. ज्याचे वंगण त्याने करावे, म्हणजे ते कशाचे हा प्रश्नच उरत नाही. त्या घटकेपुरता का होईना, सरकार योग्य जागी येऊन पोहोचले होते.

हुकूमावर हुकूम

परंतु तो हुकूम मीरतला पोहोचताच अ‍ॅडज्युटंट जनरलच्या कचेरीतून आक्षेप आला. देशी पलटणींतील रायफलधारी तुकड्या जुन्या दोन खाचांच्या रायफलीसाठी मेंढ्याची चरबी व मेण कित्येक वर्षे बिनतक्रार वापरीत होत्या. आता अचानक मुभा दिली तर इतकी वर्षे आपण काय वापरले, असा संशय त्यांना येईल, असा तो युक्तिवाद होता. कलकत्त्याहून उत्तर गेले की, मेंढ्याची चरबी व मेण यांचे वंगण असेल तर चालत आलेली वहिवाट पुढे चालू ठेवावी. हे दोन्ही हुकूम आपापल्या जागी समजण्यासारखे होते. एकत्र वाचले असता मात्र त्यांतून एवढेच दिसे की, एकीकडे वंगण शिपायाच्या हाती दिले जात आहे आणि दुसरीकडे ते खात्याच्याच हाती राहत आहे.

याच सुमारास शस्त्रागार विभागाचा प्रमुख कर्नल अ‍ॅबट याने केलेल्या चौकशीचा निष्कर्ष सरकारपुढे आला. आक्षेपार्ह चरबी येऊ नये म्हणून कोणतीही विशेष खबरदारी घेण्यात आली नव्हती, हे त्याने मान्य केले. याचा सरळ अर्थ असा की खलाशाचे म्हणणे खोटे आहे असे सरकारला म्हणता येत नव्हते. इतिहासकार के याने १८६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या खंडात गाईच्या चरबीचा वापर झाल्याचे मान्य केले. १८९७ साली आपल्या आठवणी लिहिताना लॉर्ड रॉबर्ट्स यानेही, सरकारी कागदपत्रांच्या आधारे, शिपायांचा संशय निराधार नव्हता अशी कबुली दिली. १८५७ च्या जानेवारीत मात्र ही कबुली कोणी उघडपणे दिली नाही. काय चुकले व ते कसे सुधारले, हे कवायतीच्या मैदानावर स्पष्ट सांगण्याऐवजी चूक झालीच नाही असे भासविण्याकडे कल राहिला.

संशयाची जागा बदलली

विश्वास एकदा डळमळला की तो ज्या वस्तूवरून डळमळला ती दूर केल्यानेही परत येत नाही. फेब्रुवारीच्या प्रारंभी बराकपूर येथे चौकशी मंडळ बसले, तेव्हा शिपायांची तक्रार वंगणावरून कागदावर गेलेली होती. नव्या काडतुसांचा कागद जुन्यापेक्षा चकचकीत होता. तो जाळला तर चुरचुरतो, त्याअर्थी त्यात चरबी असली पाहिजे, असे साक्षीदारांनी सांगितले. मंडळापुढे कागद जाळून दाखविण्यात आला. त्यात चरबी नव्हती, पण साक्षीदारांचे समाधान झाले नाही. कागदावर आपली स्वतःची हरकत काय आहे असे विचारता, लोक तसे म्हणतात, अशा आशयाचे उत्तर मिळाले. शिपायाला भीती वंगणाची होती तितकीच आपल्या पंगतीची होती. सुटीवर घरी गेल्यावर भाऊबंद आपल्याला पानावर बसवतील की नाही, हा त्याचा खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर रसायनशाळेत मिळण्यासारखे नव्हते.

हिअर्सीने आपल्या परीने पराकाष्ठा केली. पलटणीसमोर हिंदुस्थानीत भाषण करताना काश्मीरचे महाराज गुलाबसिंह यांचे एक पत्र त्याने खलित्यातून काढून दाखविले. राजेरजवाड्यांच्या पत्रांचा कागदही असाच चकचकीत असतो, हे त्याला पटवून द्यावयाचे होते. शिपायांनी शांतपणे ऐकून घेतले. २६ फेब्रुवारीला बहरामपूरच्या १९ व्या पलटणीने दुसऱ्या दिवशीच्या कवायतीसाठी दिल्या जाणाऱ्या बंदुकीच्या टोप्या घेण्यास नकार दिला. वास्तविक ती काडतुसे जुन्या बंदुकीची होती आणि त्यांना नव्या वंगणाचा स्पर्शही नव्हता. मार्चमध्ये काडतूस दातांऐवजी हाताने तोडावे, अशी कवायतीतही सुधारणा करण्यात आली. २९ मार्चला बराकपूरच्या मैदानावर मंगल पांडे उभा राहिला, आणि ८ एप्रिलला त्याला फाशी देण्यात आले.

अंबाल्याच्या केंद्रावर याहून वेगळा, पण तितकाच बोलका प्रकार घडला. तेथे शिकण्यास आलेल्या ३६ व्या पलटणीच्या दोन शिपायांना त्यांच्याच पलटणीच्या सुभेदाराने ‘ख्रिस्ती झालात’ म्हणून हिणविले. नव्या काडतुसांना हात लागला असावा एवढ्या समजुतीवर त्यांची पंगत तुटली. शिक्षक लेफ्टनंट मार्टिनो याने ही वार्ता वर कळविली. २३ मार्चला सरसेनापती जनरल अ‍ॅन्सन केंद्रावर आला आणि त्याने काडतुसे स्वतः पाहिली. त्यांच्यावर इतके वंगण असते व ते हुबेहूब चरबीसारखे दिसते याची आपल्याला कल्पना नव्हती, शिपायांच्या हरकतीचे आता तितकेसे आश्चर्य वाटत नाही, असे त्याने गव्हर्नर जनरलला कळविले. सैन्याच्या प्रमुखाने काडतूस प्रथम हातात घेऊन पाहिले ते असंतोषाला दोन महिने उलटून गेल्यावर! तरीही एप्रिलमध्ये अंबाल्यास गोळीबाराचा सराव सुरू करण्याचा हुकूम निघाला, आणि छावणीत रात्रीबेरात्री आगी लागू लागल्या.

मीरतला २४ एप्रिल रोजी तिसऱ्या घोडदळाच्या निवडक ९० स्वारांपुढे काडतुसे ठेवली, तेव्हा ८५ जणांनी ती नाकारली. हीही जुन्या धर्तीची, वंगण नसलेली काडतुसे होती. बहुतेकांना दहा वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. ९ मे रोजी साऱ्या छावणीसमोर त्यांच्या पायांत बेड्या ठोकण्यात आल्या, आणि १० मे रोजी जे घडले ते सर्वांना विदित आहे. बंगालच्या सैन्यातील बहुसंख्य शिपायांच्या हाती वंगण लावलेले एन्फील्डचे काडतूस कधी पडलेच नव्हते. ते लढायला उठले ते न पाहिलेल्या वंगणासाठी, आणि त्या वंगणाने ज्याला तोंड फोडले त्या कित्येक वर्षांच्या अविश्वासासाठी.

माळव्यातून ग्वाल्हेरकडे

ही वार्ता माळव्यात कशी पसरली, याचे दर्शन एका मराठी ग्रंथात होते. कुलाबा जिल्ह्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे ब्राह्मण दक्षिणेच्या आशेने आपल्या चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले होते. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याचे त्यांच्या कानी आले होते. वाटेत महूच्या परिसरात त्यांना शिपायांकडून बंडाची वार्ता समजली. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात डमडमच्या लोट्याची गोष्ट आहे, काडतुसांची आहे, आणि सरकारने धर्म बुडविण्यासाठी चौऱ्याऐंशी कलमे काढल्याची वदंताही आहे. ज्या हकीकतीचा कॅप्टन राइटने इंग्रजीत अहवाल दिला, तीच हकीकत तोंडोतोंडी शेकडो कोस चालत येऊन एका भिक्षुकाच्या स्मरणात मराठीत साठविली गेली. कलमांची यादी इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. परंतु लोक काय मानत होते याचा ती विश्वसनीय पुरावा आहे, आणि त्या वर्षी लोकांनी कृती केली ती जे मानले त्यावरून.

गोडसे यांनी हे लेखन उठावानंतर सुमारे पाव शतकाने केले, आणि ते छापले गेले १९०७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांनी ते प्रसिद्धीस आणले. वैद्य हे काही काळ ग्वाल्हेर संस्थानचे सरन्यायाधीश होते, हे या प्रांतातील वाचकांना ठाऊकच आहे. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाखाली १९६६ मध्ये निघाली. बंडाचे नावही उच्चारण्याची चोरी होती त्या काळी हे हस्तलिखित कोणाच्या तरी घरी जपून राहिले, म्हणून आज ते कपाटात आहे.

उठावाची लाट १४ जून १८५७ रोजी ग्वाल्हेरजवळच्या मुरारच्या छावणीवर येऊन आदळली, तर १ जुलैला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला व त्याच रात्री महूची पलटण उठली. पुढे तात्या टोपे यांनी ग्वाल्हेरची फौज हाताशी धरून नोव्हेंबरमध्ये कानपूरला जनरल विंडहॅमला मागे रेटले. या सर्व लढायांत एन्फील्ड रायफल होती ती प्रामुख्याने गोऱ्या पलटणींच्या हाती. बंडवाल्यांपाशी बहुतांशी जुन्याच बंदुका होत्या. ज्या हत्याराच्या वंगणावरून वाद पेटला, ते हत्यार वाद करणाऱ्यांच्या हाती राहिलेच नव्हते, आणि लांबून अचूक मारा करणाऱ्या त्या रायफलीने अनेक रणांगणांवर त्यांचा घात केला.

काल्पीचा उन्हाळा

तथापि वंगणाची कहाणी येथे संपत नाही. मे १८५८ मध्ये सर ह्यू रोज काल्पीवर चालून आला. समोर रावसाहेब पेशवे, बांद्याचे नवाब आणि झांशीची राणी लक्ष्मीबाई होत्या. उन्हाळा इतका भयंकर होता की गोऱ्या सैन्यातील माणसे गोळीने पडावीत तशी उष्माघाताने पडत होती. २२ मे रोजी गोलावलीच्या लढाईत बंडवाल्यांनी ऐन दुपारी निकराचा हल्ला चढविला, आणि त्या आणीबाणीच्या वेळी इंग्रजांच्या एन्फील्ड रायफली दगा देऊ लागल्या. सततच्या गोळीबाराने नळ्यांत राख धरली होती, काडतुसे उन्हाने बिघडली होती आणि गोळी गजाने खाली जाईना. इंग्रजांचा मारा मंदावत गेला. रोजने उंटांवरील सैनिकांची कुमक स्वतः आणून संगिनींचा हल्ला केला, तेव्हा तो प्रसंग निभावला.

या बिघाडाचे कारण चरबीतच होते. कडक उन्हात चरबी पाघळून कागदात मुरते आणि गोळीभोवती वंगण उरत नाही. शिवाय चरबीतील आम्लांची शिशावर क्रिया होऊन गोळीवर पांढरट पुट चढते आणि ती फुगल्यासारखी होते. पाव मिलिमीटरच्या फटीत एवढेही पुरे होते. हिंदुस्थानातून आलेल्या या तक्रारींचा विचार होऊन गोळीचा व्यास ०.५५ इंचापर्यंत कमी करण्यात आला, आणि १८५९ च्या सुमारास चरबी काढून टाकून वंगणासाठी निव्वळ मधमाशांचे मेण वापरण्याचे ठरले. मेण उन्हात टिकते, कागदात मुरत नाही आणि शिशाला बाधत नाही.

म्हणजे दोन वर्षांच्या रक्तपातानंतर शस्त्रागार खाते ज्या वंगणापाशी आले, ते जवळपास तेच होते जे डमडमच्या शिपायांनी मेजर बॉन्टीनकडे जानेवारी १८५७ मध्ये मागितले होते. शिपायांनी ते धर्मासाठी मागितले होते, खात्याने ते उपयोगासाठी स्वीकारले. परंतु या देशाच्या उन्हात कोणते वंगण टिकेल, हे या देशात वाढलेल्या माणसांना विचारले असते तर दोन्ही उत्तरे एकाच वेळी मिळाली असती. १८५३ ची परीक्षा त्यांना वगळून झाली. त्यांच्या पाठीवरच्या पिशव्यांत काडतुसे फिरविण्यात आली, मात्र त्यांचे मत विचारण्यात आले नाही.

मेणाचा निर्णय वेळेवर झाला असता तर उठाव टळला असता, असे म्हणण्याचे धाडस करता येणार नाही. खालसा झालेली राज्ये, बंद झालेले तनखे, अयोध्येच्या शेतकऱ्यांचे व शिपायांच्या घरांचे हाल यांना मेणाने उतारा पडण्यासारखा नव्हता. परंतु ज्या दिवशी ‘आपले वंगण आपण करा’ असा हुकूम निघाला, त्या दिवशी सरकारच्या हाती एक गोष्ट होती, ती म्हणजे चूक कबूल करून विश्वास मागण्याची संधी. हुकूम निघाला, कबुली मात्र आली नाही, आणि दुसऱ्या हुकुमाने पहिल्याची धार बोथट केली. वस्तू ज्याला वापरावयाची त्याला ती कशाची आहे हे सांगता आले पाहिजे, आणि सांगता येत नसेल तर ती त्याच्यावर लादू नये. राज्यकारभारातील हा नियम गाडीवानाच्या नळकांड्याइतका साधा आहे.

त्या वर्षीचे हुकूम, साक्षी आणि अहवाल कलकत्त्याच्या दप्तरात राहिले व पुढे छापले गेले. त्यांत शिपायांचे म्हणणे आहे, पण ते अधिकाऱ्यांच्या लेखणीतून उतरलेले आहे. दुसऱ्या बाजूने ऐकू येणारे आवाज थोडे आहेत, आणि वरसईच्या एका भिक्षुकाचा मराठी आवाज त्यांपैकी एक आहे. दप्तर आणि प्रवासवर्णन ही दोन्ही एकाच टेबलावर शेजारी उघडून वाचावयास मिळाली, म्हणजेच डमडमच्या त्या प्रश्नाचा दोन्ही अंगांनी विचार करता येतो. ग्रंथालयांनी जुनी पुस्तके सांभाळावयाची ती याचसाठी.